बाजू घ्यावी, पण कशी?



निवडणुका जवळ आल्या की आम्हा धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, चर्च कुणाच्या बाजूने आहे?" त्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. गाव दुभंगलेले असताना आपण एक बाजू घ्यावी, की गप्प राहून सर्वांशी सलोखा राखावा?

आपल्या वसईत हा प्रश्न पुस्तकी नाही. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावे तिच्यात राहावीत की वगळावीत, यावरून मोठे आंदोलन झाले. वाद होता पाणी, कर, शेती आणि गावपण यांचा. पण मत वेगळे म्हणून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला, लग्नाचे आवतणही टळले. सभा संपल्या, मंडप उतरले, अबोला मात्र राहिला.

म्हणून गप्प राहणेच बरे, असे आपल्याला वाटते. प्राचीन अथेन्सचा सोलोन याला ते मान्य नव्हते. नागरिकांत दुही माजली असता जो कोणत्याच बाजूला जाणार नाही, त्याने नागरिकत्वाचे हक्क गमवावेत, असा कायदा त्याने केल्याचे सांगतात. हा तर आगीत तेल ओतणारा कायदा! परंतु दुसऱ्या शतकातील रोमन लेखक आउलस जेलियस त्याचे मर्म उलगडतो. सज्जन माणसे घरी बसली तर दोन्हीकडे फक्त माथेफिरू उरतात. तीच माणसे दोन्हीकडे वाटली गेली, तर आपापल्या लोकांना ती आवर घालू शकतात आणि समेटाची वाट मोकळी राहते. म्हणजे बाजू घ्यायची ती समोरच्याला संपवण्यासाठी नव्हे, तर आपल्याच माणसांना भानावर ठेवण्यासाठी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच ख्रिस्ती दृष्टीने मांडले. एकाच श्रद्धेचे दोन प्रामाणिक भाविक एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर वेगळ्या निर्णयाला येऊ शकतात. अशा वेळी 'ख्रिस्तसभा माझ्याच बाजूने आहे' असा दावा कुणीही करू नये; संवादातून एकमेकांना प्रकाश द्यावा. याच कारणासाठी धर्मगुरूंनी राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मत कुणाला द्यावे, हे वेदीवरून सांगितले जाणार नाही. तो निर्णय आपण प्रत्येकाने सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून घ्यायचा आहे.

मात्र प्रत्येक वाद हा केवळ मतभेद नसतो. जिथे माणूस चिरडला जातो, तिथे गप्प राहणाराही बाजू घेतच असतो. ती बलवानाची असते. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना हे कळले होते. १९७७ साली त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांची हत्या झाली. तिचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभांना जाण्यास त्यांनी नकार दिला. सैन्याच्या अत्याचारांविरुद्ध ते बोलले, तसेच बंडखोरांच्या हिंसेचाही त्यांनी निषेध केला. त्यांनी बाजू घेतली ती मारल्या जाणाऱ्या गरिबांची, कुठल्या झेंड्याची नव्हे. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

मग आपण योग्य रीतीने बाजू घेतली आहे, हे ओळखायचे कसे? आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. आपल्या बाजूचा माणूस खोटे बोलला, तर त्याला आपल्याच बैठकीत आपण अडवतो का? विरोधकाचे म्हणणे, तोही मान डोलवील इतक्या प्रामाणिकपणे, आपण मांडू शकतो का? आणि त्याच्या घरी दुःखद घटना घडली, तर पक्ष न पाहता आपली पावले तिकडे वळतात का?

वेदीवर दान आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर आधी जाऊन समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). त्या भावाचे मत आधी बदलावे, अशी अट त्याने घातलेली नाही. आज मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना आपला हात बहुधा ओळखीच्या, आपल्याच विचाराच्या माणसाकडे जाईल. तो दोन बाके पलीकडेही जावा. मतदानाच्या दिवशी आपण वेगवेगळी बटणे दाबू. पण ख्रिस्तप्रसाद मात्र एकाच वेदीवरून घेणार आहोत.

प्रभू आपणा सर्वांना सत्य बोलण्याचे धैर्य आणि नाती जपण्याची नम्रता देवो.

आपला धर्मगुरू