बंध मोजलेस का?

ट्रायमिथाइललायसिन काढायला सांगितलं होतं. नायट्रोजनला तीन मिथाइल काढलेस, बाजूची साखळी जोडलीस, झाले चार बंध. मग अधिकचं चिन्ह कुठे आहे? म्हणे, "घाईत राहिलं, मॅडम." अरे, घाईत छत्री राहते. प्रभार द्यायचा हे तुझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तू बंध मोजलेच नाहीस.

संयुजा शिकून किती वर्षं झाली? एमएस्सीला काय तुक्क्यावर आलास? न येणाऱ्याला मी दहादा शिकवीन. येत असून न करणाऱ्याला काय शिकवू?

पुढचं पान तर कहरच. अ‍ॅसिटिललायसिन. इथे प्रभार नको होता, तर इथे तो ठसठशीत दिलायस! अ‍ॅसिटिल लागला की तो नायट्रोजन अमाइडचा होतो, प्रोटॉन धरून ठेवत नाही. म्हणून तर हिस्टोनची ऋण डीएनएवरची पकड सैल होते. मिथाइल लागले तर प्रभार जागेवरच राहतो, आणि तीन मिथाइल ओळखणाऱ्या प्रथिनांचा खिसा त्या प्रभारालाच कवटाळतो. तू एकाचा प्रभार काढून दुसऱ्याला चिकटवलास. दोन्ही रेणू मेले.

"सॉफ्टवेअरनं तसंच काढलं." हो का? संयुजा चुकली की त्यात लाल खूण येते. ती बंद केलीस, की दिसूनही कानाडोळा केलास? खरं सांग.

आणि हायड्रॉक्सिप्रोलिन! नायट्रोजनला एक धरून चौथ्या कार्बनवर ओएच. तू तिसऱ्यावर टांगलास. पाचर नाही, तुटक रेघ नाही, नुसती सपाट काडी. दिशा काय मी ठरवू? कोलॅजेनमध्ये तो ओएच कार्बॉक्सिलच्या विरुद्ध बाजूला असतो. तो नसला तर कोलॅजेनचा तिपेडी पीळ शरीराच्या उष्णतेत टिकत नाही. तो बसवणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सडून खलाशी मेले. ज्या एका ओएचपायी माणसं गेली, तो कुठे बसतो हे बघायला तुला दोन मिनिटं मिळाली नाहीत?

फॉस्फोसेरीनला एस लिहिलंस, बरोबर. नायट्रोसोसिस्टीनलाही एस? गंधक वरचढ ठरतं म्हणून तिथे आर येतं, हे गेल्याच महिन्यात तू स्वतः फळ्यापाशी उभा राहून सगळ्या वर्गाला समजावलंस. मागच्या बाकावरच्यांनाही पटलं होतं. ती अक्कल घरी ठेवून आलास?

उद्या दहाला ये. कोरे कागद आणि पेन्सिल आण, लॅपटॉप नको. माझ्यासमोर बसायचं, एकेका अणूवर बोट ठेवायचं आणि बंध मोठ्यानं मोजायचे. सुरुवात ट्रायमिथाइललायसिनपासून.