वंशावळीतून गळालेली नावे

आपल्या घराण्याची मागील हकीकत जाणून घ्यावी अशी इच्छा उतारवयात बहुतेकांस होते; पण ती होते तेव्हा सांगणारी माणसे बहुधा उरलेली नसतात. अलीकडे मात्र तरुणही या शोधास लागले आहेत. त्याचे कारण नेहमीच पूर्वजांविषयीची भक्ती असते असे नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढावयाचा तर अनुसूचित जातीच्या अर्जदारास 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या, आणि इतर मागासवर्गीयास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यापायी आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, एखादे जुने खरेदीखत, असे काय काय हुडकावे लागते. कारण कोणतेही असो, शोध चांगलाच. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वंशावळ लिहिणाऱ्याने कोणास गाळावे, आणि गाळण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? या प्रश्नाचा आम्ही एकदा विचार केला नाही, म्हणूनच आज लिहीत आहो.

वाचकांनी प्रथम एक साधा हिशेब करून पाहावा. मनुष्यास आईबाप दोन, आजे-आज्या चार, त्यांच्या मागे आठ. असे दुप्पट करीत दहाव्या पिढीस पोहोचले म्हणजे संख्या 1,024 होते. (आपल्याकडे मामेबहिणीशी लग्ने होतात, त्यामुळे तीच माणसे दोनदा मोजली जाऊन संख्या काहीशी घटेल.) ज्या कागदास आपण मोठ्या अभिमानाने वंशावळ म्हणतो त्यात या दहाव्या पिढीतील किती नावे असतात? एक. बापाच्या बापाच्या बापाचे. बाकीची सारी, आणि त्यांतील एकूण एक स्त्री, पहिल्या ओळीपूर्वीच बाहेर राहिली.

त्या एका नावाचीही नोंद सर्वांच्या वाट्यास आली असे नाही. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यांच्या वह्यांत कित्येक पिढ्यांची नावे सापडतात, पण जे यात्रेस गेले त्यांची. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 1930 मध्ये ज्यांस सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या आजोबांची नावे त्या वह्यांत कितीशी असणार? दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात हेळवी लोक दारी येऊन घराण्याची नावे म्हणून दाखवीत व धान्य घेऊन जात. ज्याच्या कणगीत दाणा नव्हता त्याची नावे कोण म्हणणार? वतनदारांचे कुर्सीनामे होते खरे, आणि 1958 च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने जाईपर्यंत महार वतनाच्या वाटण्यांसाठीही पिढ्या मोजल्या जात. पण कुर्सीनामा बहुधा कज्जा उभा राहिला म्हणजे लिहिला जाई, व कज्जात ज्याचा हिस्सा नाही त्याचे नाव घेण्याची कोणास गरज?

आमच्या मंडळ्यांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली. तथापि त्यांनी एक नवी खोडही लावली. कित्येक घराण्यांची वंशावळ बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या पुरुषापासून सुरू होते. जणू काय तो आभाळातून पडला! त्याचा जो भाऊ ख्रिस्ती झाला नाही त्याचा मागमूस नाही. भावानेही याला वाळीत टाकले, म्हणजे फिटंफाट झाली. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा झाली, आणि एकाच पणजोबाची पतवंडे काही देवळात व काही विहारात जाऊ लागली. लग्नात व मयतीत ती एकमेकांस ओळखतात. कागदावर ओळखत नाहीत. त्यात 1950 च्या आदेशान्वये ख्रिस्ती मनुष्य अनुसूचित जातीत धरला जात नसल्यामुळे, कागदापुरता ख्रिस्ती आजोबा झाकून टाकण्याचा मोहही काहींस होतो.

आणि ज्यांस पणजोबाच ठाऊक नाही ते? 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो मुली आणल्या. 1900 मध्ये गुजराथेतूनही आणल्या. अशा मुलींपैकी ज्यांस आपल्या गावाचे नावही सांगता येत नव्हते, त्यांच्या लेकरांनी वंशावळ कोठून आणावी? एज्राच्या दुसऱ्या अध्यायात असे लोक आहेत की, ज्यांस आपली वंशावळ सापडली नाही, आणि तेवढ्यावरून ते याजकपणास मुकले. त्या नियमाने पाहू गेले तर आमच्यापैकी पुष्कळांस दारातच उभे राहावे लागेल.

मत्तयाचा पहिला अध्याय उपासनेत आला म्हणजे वाचणारा घाई करतो व ऐकणारे जांभया देतात. परंतु तेथे सावकाश थांबावे. योरामानंतर एकदम उज्जीया येतो; अहज्या, योवाश व अमस्या हे मधले तीन राजे गाळले आहेत. गाळणे तेथेही आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण राजे गळाले त्याच यादीत तामार आहे, राहाब आहे, परक्या देशची रूथ आहे, आणि जिचे नाव घेताच दावीद राजाचे पाप आठवावे अशी उरीयाची बायको आहे. घराण्याची अब्रू राखू पाहणाऱ्या कोणत्याही कारकुनाने या चौघी प्रथम गाळल्या असत्या.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबातील वडील वारले. त्यांचे दोघे पुत्र जमिनीवर वारसनोंद व्हावी म्हणून वंशावळीचा कागद घेऊन आले व पंच म्हणून आमची सही मागू लागले. कागदावर बाप होता, दोघे पुत्र होते. तिसरी बहीण दूर गावी दिलेली. तिचे नाव नव्हते. आम्ही विचारले तेव्हा थोरला म्हणाला, "तिच्या लग्नात सर्व केले आहे. ती मागणार नाही." आम्ही सही केली. लिहिलेले प्रत्येक नाव खरे होते, अशी मनाची समजूतही घातली. ख्रिस्ती मनुष्याच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात आहे व आम्हांस ते ठाऊक होते.

नाताळात ती माहेरी आली. उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीशी आम्हांस गाठून म्हणाली, "पाळकसाहेब, मला वावर नको. पण बाबांच्या कागदावर मी जन्मलेच नाही काय?"

हिस्सा मागितला असता तर उत्तर देता आले असते. हक्कसोड करणे हा तिचा अधिकार होता. पण सोडण्यासाठी आधी तो तिचा म्हणून लिहिला जावयास हवा होता. आम्ही दोघा भावांस बोलाविले. थोरला दोन दिवस बोलला नाही. धाकटा लागलीच तयार झाला. दुरुस्तीच्या अर्जास आमचा जबाब जोडला, व त्यात पहिली सही चुकीची होती असे लिहून दिले. जबाब लिहिताना तिने विचारले, "आईचे माहेरचे नाव घालता येईल काय?" नमुन्यात त्यास रकाना नव्हता. आम्ही ते समासात लिहिले.