शेजाऱ्याला जामीन

पतपेढीच्या कर्जाच्या अर्जावर खाली एक जागा असते : जामीनदाराची सही. माझ्या वडिलांनी ती सही अनेकदा केली. एकदा कर्जदाराचे हप्ते थकले आणि दोन वर्षं वडिलांच्या पगारातून कापले गेले. आईला त्रास झाला नाही असं नाही. पण पुढे दुसरे एक शेजारी अर्ज घेऊन आले, तेव्हा ड्रॉवरमधून पेन तिनेच शोधून दिलं. ही वृत्ती सहकारात आली कुठून, हे शोधता शोधता मी जर्मनीतल्या एका खेड्यातल्या पावभट्टीपाशी पोचलो.

1846-47चा हिवाळा. बटाट्यावर रोग पडलेला, धान्य बुडालेलं. वायरबुश आणि आसपासच्या खेड्यांचा कारभार पाहणारा फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन तेव्हा 28 वर्षांचा होता. सरकारकडून धान्य आलं, पण रोख पैसे मोजणाऱ्यालाच द्यायचं असा हुकूम होता. ज्याच्याकडे रोख आहे तो उपाशी कशाला राहील? रायफायझनने हुकूम बाजूला ठेवून धान्य उधारीवर वाटलं. मग गावातल्या सुखवस्तू लोकांकडून पैसे उभे करून त्याने गावाची भट्टी बांधली. पाव स्वस्त मिळू लागला, आणि पैसे नसतील तर तोही उधार. तो श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होता. भुकेल्याला जे दिलं ते मलाच दिलं, असं ख्रिस्त मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगतो. रायफायझनसाठी हा हिशेबाचाच भाग होता.

गरिबाला व्याजाच्या पाशातून सोडवण्याचा विचार त्याआधीही झाला होता. इटलीत पेरुजा इथे 1462 साली फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने गहाणवटीवर अल्प व्याजाने कर्ज देणारी पेढी निघाली. पण गहाण ठेवायला निदान एखादं भांडं तरी लागतं, आणि देणारा वर, घेणारा खाली, ही मांडणी तशीच राहते.

रायफायझनही बरीच वर्षं याच मांडणीत होता. 1849मध्ये फ्लामर्सफेल्डला त्याने गरीब शेतकऱ्यांना गुरं घेऊन देणारी संस्था काढली, 1854मध्ये हेडेसडॉर्फला आणखी एक. दोन्हींचा भार श्रीमंतांच्या सद्भावनेवर होता. दुष्काळाची आठवण ताजी होती तोवर सद्भावना टिकली. नंतर उत्साह आटला. शेजाऱ्यावरचं प्रेम पुरेसं आहे असं मानणाऱ्या माणसाला हे कबूल करणं किती जड गेलं असेल! 1864मध्ये त्याने हेडेसडॉर्फची संस्था नव्याने उभी केली : ज्याला कर्ज हवं त्याने सभासद व्हायचं आणि संस्थेच्या देण्याला सगळ्या सभासदांनी आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार राहायचं. कायद्याच्या भाषेत, अमर्यादित जबाबदारी.

त्याने दयेची जागा व्यवहाराला दिली, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. ख्रिस्ताने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, वाटेत लुटल्या गेलेल्या अनोळखी माणसाच्या जखमेवर त्याने तेल ओतणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तो खाणावळवाल्याला दोन नाणी देऊन निघताना काय सांगतो? याहून जास्त खर्च झाला तर परत येताना मी भरीन. किती, ते ठरलेलं नाही. जखमी माणूस त्याच्या नात्याचा नाही, जातीचा नाही, आणि त्याच्यासाठी तो आकडा न लिहिता जामीन राहतो. रायफायझनने तेच कलम नियमावलीत घातलं, आणि एकट्याने उचललेला भार साऱ्या गावावर वाटला. 

आपल्याकडे 12 मे 1875ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते आणि सारा मात्र वाढला होता. शेतकऱ्यांच्या अशाच कर्जबाजारीपणावर उपाय शोधताना मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास केला आणि त्यांची शिफारस रायफायझनपाशी येऊन थांबली. 1904चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा ग्रामीण संस्थांना अमर्यादित जबाबदारीच लावली गेली. त्या कलमाला ख्रिस्ती श्रद्धेचा आधार होता, हे सोसायटीच्या दारात उभ्या राहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला कोणी सांगितलं नाही.

वसईत मात्र श्रद्धा आणि सहकार हे दोन धागे पुन्हा एकत्र आले. 1918मध्ये, रायफायझनच्या जन्माला शंभर वर्षं होत असताना, मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी पापडीला पतपेढी सुरू केली. सावकाराच्या कचाट्यातल्या आपल्या लोकांना धर्मगुरूने प्रार्थना दिली असती, धान्य दिलं असतं, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी हिशेबाची वही दिली. आज तीच बॅसीन कॅथॉलिक बँक आहे. शेतकऱ्यांनी, बागायतदारांनी त्या वहीत एकमेकांच्या भरवशावर आपापली नावं लिहिली होती.