शाळेतून काढणे आणि घरी शिकविणे

आठवी-नववीतला मुलगा शाळेस जाण्यास नाखूष होतो. सकाळी दप्तर उचलताना त्याचे पोट दुखू लागते. वाचनाचा तास आला की तो मान खाली घालून बसतो. आणि निकालाच्या दिवशी घरात सर्वांचीच तोंडे उतरतात. अशा वेळी आईबापांच्या मनात येते, 'ह्याला शाळेतून काढून घरीच का शिकवू नये?' हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, तो कर्तव्याचाही आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, घर हे विद्येचे हलके स्थान आहे असे आम्ही मानीत नाही. इ. स. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांस संस्कृत शिकविले ते त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई ह्यांनी. आणि लक्ष्मीबाईंस शिकविले ते त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी. दिवसा संसाराच्या कामांतून सवड नसे, म्हणून ती माउली पहाटेच्या अंधारात मुलीस गोंजारून उठवी व धडा देई. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंस 'सरस्वती' ही पदवी दिली, तिचे मूळ ह्या पहाटेच्या धड्यांत आहे. घरचे शिक्षण फळास आले खरे. परंतु त्यासाठी कोणीतरी आपली झोप खर्ची घातली होती.

आता दुसरे उदाहरण पाहा. जोतीराव फुले ह्यांस लहानपणी त्यांच्या वडिलांनी शाळेतून काढून शेताच्या कामास लाविले. गोविंदराव काही निर्दय पिता नव्हते. शिकल्याने मुलगा बिघडेल असे लोकांनी त्यांच्या कानी घातले आणि ते त्यांस खरे वाटले. पुढे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब ह्या दोघा शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी पाहून वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ साली, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. सातच वर्षांनी, १८४८ साली, त्यांनी स्वतः मुलींची शाळा काढिली. ते शेजारी गप्प राहिले असते तर?

ह्या दोन उदाहरणांवरून आमचे म्हणणे स्पष्ट होईल. शाळेतून काढणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. घरी शिकविणे ही रोजची गोष्ट आहे. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. म्हणून प्रत्येक आईबापाने आपल्या मनास विचारावे: 'मी हे मुलाचे ओझे उचलण्यासाठी करीत आहे, की माझे ओझे खाली ठेवण्यासाठी?' मुलगा नापास झाल्याची लाज वाटते, शेतावर दोन हात हवे आहेत, किंवा मुलगी वयात आली म्हणून ती घरीच बरी, अशी कारणे मनात असतील, तर 'घरी शिकवितो' हे शब्द केवळ पांघरूण होत. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा नुसत्या घरी बसण्याने मूल शिकत नाही, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

निर्णय घेण्यापूर्वी कारण शोधावे. मुलास फळा दिसतो काय? ऐकू नीट येते काय? वर्गात त्यास कोणी हिणविते किंवा मारते काय? शाळेत मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे. कित्येक मुले बुद्धीने तल्लख असूनही त्यांस अक्षरे जुळविणे अतिशय कठीण जाते. ह्यास अध्ययन अक्षमता म्हणतात. हा आळस नव्हे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिचा समावेश झाला आहे, आणि तसा दाखला असल्यास दहावीच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळतात. जो मुलगा चष्म्याने किंवा सवलतीने शाळेत टिकेल, त्यास घरी बसविणे हा अन्याय होय.

तथापि, सर्व उपाय करूनही शाळा मुलाचे मन मोडीतच असेल, तर त्यास तेथे रेटीत राहणे हाही अन्यायच. शाळा मुलासाठी आहे, मूल शाळेसाठी नव्हे. अशा वेळी दुसरी शाळा पाहावी. आणि तीही नसेल तर घरी शिकवावे, पण नियमाने. रोजचा तास ठरवावा. शिकविणारा कोण हे ठरवावे. बरोबरीच्या मुलांची संगत तुटू देऊ नये. आणि परीक्षेची वाट मोकळी ठेवावी. १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने दहावीस बसता येते. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही मार्ग आहे. आणि हे सर्व ठरविताना मुलास जवळ बसवून त्याचे म्हणणे ऐकावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास आपले दुःख सांगता येते. ऐकणारा मात्र हवा.

शेवटी गावातील शिकलेल्या बंधुभगिनींस आमची एक विनंती आहे. आपल्या आळीतील एखादे मूल शाळेत दिसेनासे झाले, तर त्याच्या दारी जावे. आईबाप अशिक्षित असतील, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी आपण त्याचा धडा घ्यावा. आणि बाप हट्टास पेटला असेल, तर त्या दोघा शेजाऱ्यांप्रमाणे त्याची समजूत घालावी. मूल घरी शिको की शाळेत, त्याचा हात कोणीतरी धरिलेला असावा, एवढेच आमचे मागणे आहे.