घेणाऱ्याचा धर्म

देणे श्रेष्ठ आणि घेणे कनिष्ठ, ही समजूत आपल्या मनावर इतक्या लहानपणापासून बिंबलेली असते, की तिचा खरेखोटेपणा तपासून पाहावा असे आपल्याला सहसा सुचतच नाही. दात्याविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे. सात्त्विक दान कोणते, राजस कोणते आणि तामस कोणते, याचा विवेक गीतेच्या सतराव्या अध्यायात केलेला आहे. पण आजवर देत आलेल्या एखाद्या सज्जनावर अकस्मात घेण्याची पाळी आली, तर त्याने काय करावे? घ्यावे की नाकारावे? आणि घ्यावयाचे, तर कोणत्या मनाने?

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त उत्तरेकडील एका शहरात असताना हा प्रश्न माझ्यापुढे फार निकट येऊन उभा राहिला. आमच्या वसाहतीतील एका मराठी सहकाऱ्याच्या घराला भर दुपारी आग लागली. माणसे सुखरूप बाहेर पडली. परंतु कपडे, भांडी, मुलांची पुस्तके असा वीस वर्षांचा संसार तासाभरात राख झाला. दुसऱ्याच दिवशी आम्ही चार-सहा जणांनी वर्गणी सुरू केली. ज्यांची ओळख केवळ गणेशोत्सवापुरती, त्यांनीही आपण होऊन पैसे आणून दिले. आठवड्याने मी पैशांचे पाकीट आणि नावांपुढे आकडे लिहिलेली यादी घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी यादी शेवटपर्यंत शांतपणे वाचली, तिची घडी घातली आणि पाकिटासह ती माझ्या हाती परत दिली. म्हणाले, "आपण सर्वांनी केलेत ते मी विसरणार नाही. पण हे मी फेडणार कसे? दोन वर्षांत माझी बदली होईल. यांच्यापैकी कोणावर प्रसंग येईल, तेव्हा मी कोठे असेन कोणास ठाऊक!"

दुसऱ्यांसाठी निघणाऱ्या प्रत्येक यादीत पहिले नाव याच गृहस्थांचे असे. मी खिन्न होऊन परतलो आणि मनातल्या मनात त्यांना अहंकारी ठरवून मोकळा झालो.

आज तो निवाडा मला तितका सरळ वाटत नाही. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या मनुष्याला घेण्याचे भय वाटावे, हे स्वाभाविकच आहे. १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांत भेटी स्वीकारण्यावर आणि वर्गण्या गोळा करण्यावर बंधने घातलेली आहेत, आणि ती योग्यच आहेत. परंतु जो मनुष्य पंचवीस वर्षे पुढे आलेल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहतो, त्याचा नकार पुढे नियम न राहता स्वभाव होऊन बसतो. त्यात आपल्या घरोघरी आहेराची वही असते. कोणी काय दिले हे तीत टिपून ठेवायचे आणि त्यांच्या घरच्या कार्यात तितक्याच मोलाची परतफेड करायची, हा आपला रिवाज. ज्याला ती वही पुरी करता येणार नाही, तो पहिली नोंदच करू देत नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या नकारात अहंकारापेक्षा हा हिशेबी प्रामाणिकपणाच अधिक होता.

हाच पेच एकदा स्वावलंबनाच्या एका थोर पुरस्कर्त्यापुढे उभा राहिला होता. अमेरिकन तत्त्वचिंतक रॅल्फ वॉल्डो एमर्सन याचा स्वावलंबनावरील प्रसिद्ध निबंध १८४१ साली प्रकाशित झाला. त्यात परोपकाराच्या वर्गण्यांविषयी त्याने कठोर उद्गार काढले आहेत. आपणही कधी कधी भिडेला बळी पडून डॉलर देतो, याची त्याला लाज वाटते. १८४४ साली भेटींवर लिहिताना तर त्याने, दात्याला आपण मनातून पुरती क्षमा करीत नाही, असे मर्मावर बोट ठेवले. २४ जुलै १८७२ रोजी, भल्या सकाळी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड गावी याच एमर्सनच्या घराला आग लागली. त्या वेळी तो ६९ वर्षांचा होता. भिंतीतून येणाऱ्या तडतड आवाजाने त्याला जाग आली, तो फाटकाकडे धावला आणि त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजारी धावून आले. त्यांनी ग्रंथ, हस्तलिखिते, सामानसुमान बाहेर काढले. छप्पर गेले, भिंती राहिल्या.

त्यानंतर मित्र पुढे आले. फ्रान्सिस कॅबट लोवेल या जुन्या वर्गबंधूने स्वतःच्या व इतर काही स्नेह्यांच्या वतीने ५,००० डॉलर आणून दिले. आणखी मित्रांनी मिळून १०,००० हून अधिक डॉलर जमविले आणि ते पोचविण्याचे अवघड काम न्यायाधीश रॉकवुड होर यांच्याकडे सोपविले. होर यांनी ते कसे केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी एमर्सनला गंभीरपणे सांगितले, की काही मंडळींनी एक संस्था काढली आहे. एमर्सनने इंग्लंडला जावे, नुकताच आगीत सापडलेला वॉरिकचा किल्ला आणि तशाच इतर वास्तू पाहाव्यात, आणि तेथे मिळालेले ज्ञान याच परिसरातील एका घराच्या जीर्णोद्धारासाठी वापरावे, अशी संस्थेची इच्छा आहे! विनोदामागचा अर्थ उमगला तेव्हा एमर्सन गहिवरला. आजवर आपल्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता आले होते, अशा आशयाचे काही तो संकोचाने बोलला. पण अखेर त्याने ती रक्कम स्वीकारली. कन्या एलन हिच्यासह तो इंग्लंड व इजिप्तपर्यंत प्रवास करून मे १८७३ मध्ये परतला, तेव्हा गावाने घंटा वाजवून त्याचे स्वागत केले आणि शाळेच्या मुलांसह मिरवणुकीने त्याला घरी पोचविले. घर पूर्वीसारखेच उभे होते.

मग एमर्सनने आपल्या तत्त्वाशी प्रतारणा केली काय? मला तसे वाटत नाही. फाटकाशी उभे राहून त्याने हाक मारली, त्या क्षणीच त्याने घेण्यास आरंभ केला होता. जळत्या घरातून ग्रंथ बाहेर आणणाऱ्या शेजाऱ्याला 'थांबा, मी फेडणार कसे?' असे कोणी विचारीत नाही. पैशांचे पाकीट पुढे आले, की मात्र आपल्याला वही आठवते. वस्तुतः दोन्ही एकाच हाकेला आलेली उत्तरे आहेत. नुकसानभरपाईच्या निसर्गनियमावरील आपल्या निबंधात एमर्सननेच म्हटले आहे, की ज्याने उपकार केला त्यालाच तो परत करणे बहुधा शक्य नसते. पण तो कोणाला ना कोणाला परत केलाच पाहिजे. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ संविभाग, म्हणजे यथाशक्ति वाटून देणे, असा केला आहे, आणि १९५१ साली सुरू झालेल्या भूदान चळवळीत विनोबा त्याच अर्थाचा आधार घेत असत. जे वाटून घ्यायचे, त्यात देणारा उंच आणि घेणारा खाली असा भेद उरत नाही.

बदलीच्या नोकरीत दिवस काढणाऱ्या आपणा लोकांना हे अधिक सहज कळायला हवे. जबलपूरला ज्या शेजारणीने आपल्या मुलाच्या आजारपणात रात्री जागविल्या, ती पुन्हा भेटत नाही. कानपूरला दुसऱ्याच कोणाच्या मुलाजवळ आपण बसतो. आपले ऋण गावोगाव असेच फिटत असते.

माझी चूकही मला आता दिसते. होर यांनी मित्राला त्याचा मान राखून घेता येईल अशी वाट करून दिली. मी मात्र आकड्यांची यादी पुढे ठेवली, आणि हिशेबी मनुष्याने तिला हिशेबाचेच उत्तर दिले.

ते पैसे मी दारोदार जाऊन परत केले. वसाहतीतील एका वृद्ध शिपायाने आपली पन्नास रुपयांची नोट हाती घेतली, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, आमचे पैसे त्यांना चालले नाहीत का?" मला उत्तर देता आले नाही. घेणाऱ्याच्या मनाचा विचार मी केला नव्हता. आणि नाकारणाऱ्याने या म्हाताऱ्याचा विचार केला नव्हता.