छाटणीचं वय

इंग्लंडमधल्या घरामागच्या बागांत मे महिन्यात एक बुटकं झाड हटकून दिसतं. कमरे-छातीएवढा सरळ सोट, त्यावर पानांचा गोल डोलारा. लांबून झाड बहरलंय असं वाटतं. जवळ गेलं की फुलाचा पत्ता नसतो. शेंड्याची पानं गुलाबी, त्याखालची दुधाळ आणि आणखी खाली हिरव्यावर पांढरे शिंतोडे. हा हाकुरो-निशिकी, जपानी विलोचा एक प्रकार. 1979 साली हॅरी व्हान डे लार यांनी तो जपानहून हॉलंडात आणला आणि तिथून तो युरोपभर पसरला. मुळात हे झुडूप. सोट असतो दुसऱ्याच विलोचा, वर याचं कलम. म्हणून खोड जाड होतं, पण उंच होत नाही. झाडाची उंची रोपवाटिकेतच ठरून येते. (सह्याद्रीत ओढ्याकाठी दिसणारं आपलं वाळुंज याच कुळातलं, त्याच्या उंचीची चिंता मात्र कुणी करत नाही.)

आमच्या बागेत असं एक आहे. त्याच्या सगळ्या कौतुकाचा रंग नव्या फुटीत असतो. पान जून झालं की गुलाबी उतरतं, पांढरं मळतं, आणि उन्हाळा सरेपर्यंत झाड चारचौघांसारखं हिरवट दिसू लागतं. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस, डोळे फुगायच्या आत, सिकेटर घेऊन गेल्या वर्षीच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या. जूनमध्ये पुन्हा शेंडे खुडले तर रंगाची आणखी एक लाट मिळते. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला यातलं काही शिकवायला नको. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी, हे तो जाणतोच. कारणही तेच: शेंड्यातून उतरणारं ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते जागे होतात, आणि मुळांत वर्षभर साठवलेलं सगळं बळ त्या मोजक्या डोळ्यांच्या वाट्याला येतं. बागायतदाराच्या कात्रीपुढे घड असतो, बाजारभाव असतो. इथे पदरात पडतं ते एवढंच, की पानाला म्हातारं होऊ दिलं नाही. झाडाची निगा राखतो असं आपण म्हणतो खरं. पण या विलोला निगेची गरज फारशी नाही. गरज आहे ती पाहणाऱ्याला.

तरी हा निव्वळ जुलूम म्हणवत नाही. हॉलंडात कालव्यांच्या काठी माथा उतरवलेले जुने विलो उभे असतात. व्हॅन गॉगनं ते पुन:पुन्हा रंगवले. गुरांचं तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर दर काही वर्षांनी सगळ्या फांद्या उतरवायच्या, त्यांच्या टोपल्या नि कुंपणं करायची. न छाटलेला विलो आपल्याच पसाऱ्याच्या भारानं लवकर फाटतो; छाटलेला पोकळ झाला तरी टिकतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात घट्ट मुळांचा अश्वत्थ असंगाच्या शस्त्रानं छेदायला सांगितला आहे. विलोपुढे उभं राहिलं की ते शस्त्र वेगळं का असावं लागतं, हे जरा कळतं. साध्या लोखंडानं ही जात संपत नाही, उलट चेकाळते.

ही फूट येते तरी कुठून? या प्रश्नाला सर्वांत सुंदर चुकीचं उत्तर ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंटनं दिलं, तेही विलोच लावून. भट्टीत वाळवलेली दोनशे पौंड माती त्यानं कुंडीत भरली आणि त्यात पाच पौंडांचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून वर भोकांचं पत्र्याचं झाकण घातलं, आणि पाच वर्षं नुसतं पाणी दिलं. झाड भरलं 169 पौंड आणि वर जवळपास तीन औंस. माती घटली अवघी दोनेक औंस. चार शरदांत गळालेली पानं आपण तोलली नाहीत, हेही त्यानं प्रांजळपणे नोंदवलं. निष्कर्ष काढला: लाकूड, साल, मुळं, सगळं पाण्यातून आलं. हा मजकूर 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. गंमत अशी, की कोळसा जाळल्यावर राखेखेरीज जे अदृश्य होऊन निघून जातं, त्याचा विचार करणारा आणि त्याला ‘गॅस’ हे नाव देणारा माणूस हाच. झाडाच्या वजनातला मोठा वाटेकरी त्याच्या हाताशी होता. फक्त झाडाकडे बघताना तो त्याला आठवला नाही.

तो वायू पानात ओढून घेण्याचं काम हिरवा भाग करतो. पांढऱ्या ठिपक्यात हरितद्रव्य नाही, म्हणजे आपण ज्याला शोभा म्हणतो तो पानाचा बिनकामाचा भाग. कडक उन्हात तोच आधी करपतो. मग कधी तरी डोलाऱ्यातून एखादी निखळ हिरवी काडी निघते. ती भोवतीच्या रंगीत काड्यांपेक्षा जोमदार असते, कारण तिचं प्रत्येक पान पूर्ण कमावतं. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर तीच शहाणी. मी ती बुडापासून काढतो. सोटावर खुंटाचे धुमारे आले तर तेही कोवळे असतानाच अंगठ्यानं खुडतो. यात मला अपराधी वगैरे वाटत नाही. ज्याला मोकळं वाढलेलं झाड हवं त्यानं नदीकाठी साधा विलो लावावा. हिरव्या फुटीला मात्र सवड देऊन चालत नाही. दोन-चार हंगाम डोळेझाक झाली की ती डोलारा बळकावते, आणि मग कात्री कुठून सुरू करायची तेच उमगत नाही.