अवधानाची वांटणी

घराची वांटणी होते, शेताची होते, वडिलार्जित भांड्याकुंड्यांचीहि होते. परंतु माणसाच्या अवधानाची वांटणी होऊं शकते काय? हा प्रश्न मी कॉलेजांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहें. त्याचें उत्तर मात्र मला पुस्तकांत न मिळतां मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरांत, जेवणाच्या टेबलाशीं मिळालें. प्रसंग साधा आहे आणि त्यांत माझी बाजू पडती आहे. परंतु तो सांगितल्यावांचून पुढचा विचार मांडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

२०२० च्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली. उपनगरी गाड्या सामान्य उतारूंस बंद झाल्या, आणि मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत असंख्य लहान घरांत कचेरी आणि शाळा एकदमच राहावयास आल्या. माझी मुलगी एका पेढीचे हिशेब तपासण्याचें काम करते. तिनें कांहीं दिवस लॅपटॉपच्या लहानशा पडद्यावर काम रेटलें. पुढें चोवीस इंचांचा एक मॉनिटर मागविला, आणि दोन्ही पडदे शेजारीं शेजारीं मांडले. अशा मॉनिटरची रुंदी सुमारें ५३ सेंटिमीटर भरते. आमचें टेबल अवघें तीन फुटांचें, म्हणजे ९१ सेंटिमीटरांचें. अर्थात् लोणच्याची बरणी आणि औषधांचा डबा यांना तेथून उठावें लागलें. मुलीच्या आईनें तें निमूटपणें सोसलें. मी तत्त्वज्ञानाचा अध्यापक असल्यामुळें मला निमूट राहवलें नाहीं. मी म्हणालों, "देवानें डोळे दोन दिले, तरी पाहणारा एकच आहे. दोन पडदे घेऊन तूं दोन कामें अर्धीं अर्धीं करशील."

"बाबा, कामें दोन नाहींतच," ती म्हणाली. "काम एकच आहे. पावती एका पडद्यावर, खतावणी दुसऱ्यावर. एकच पडदा होता तेव्हां आंकडा पाहायचा, झांकायचा, डोक्यांत धरून दुसरीकडे जायचें. आणि तेथें पोंचेपर्यंत एकाहत्तरांचे सतरा व्हायचे."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मुद्रितें तपासणारा मनुष्य मूळ प्रत शेजारीं ठेवूनच बसतो; मी स्वतः सूत्र एका हाताशीं आणि भाष्य दुसऱ्या हाताशीं उघडून वाचीत असतों. ही सोय कांहीं कालची नव्हे. १९८७ सालच्या मॅकिंटॉश टू या यंत्रास एकाहून अधिक पडदे जोडतां येत असत, आणि १९९८ सालीं विंडोज ९८ निघाल्यावर ती सामान्य घरगुती संगणकांतहि आली. दोन पडदे जेव्हां एकाच कामाची सेवा करतात, तेव्हां ते अवधान विभागीत नाहींत. स्मरणाचा भार मात्र हलका करतात. माझा पहिला आक्षेप येथेंच संपला.

ऑगस्टमध्यें आमच्या कॉलेजचे वर्ग संगणकावरून सुरू झाले. सकाळीं मुलीचें काम सुरू होण्यापूर्वीं तिचा मॉनिटर मला मिळूं लागला, आणि पहिल्या दिवशीं तिनेंच तो माझ्या लॅपटॉपला जोडून दिला. तार खोंचण्याचें काम क्षणाचें. खरें काम त्यापुढचें. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवें, कीं दोन मिळून एक मोठा पडदा करावयाचा, हें यंत्रास सांगावें लागतें. मॉनिटर प्रत्यक्षांत कोणत्या बाजूस आहे, हेंहि सांगावें लागतें. तें चुकलें तर माउसचा बाण उजवीकडे जावयाचा तो भिंतीला अडल्यासारखा कडेला अडतो, आणि डावीकडून ढकलावा तेव्हां उजव्या पडद्यावर उगवतो. आणि शेवटीं, दोहोंपैकीं मुख्य पडदा कोणता, हें ठरवावें लागतें. यंत्र सुद्धां दोघांना समान मान देत नाहीं. मुलीनें विचारलें, "बाबा, मुख्य कोणता ठेवूं?" मी म्हणालों, "मोठ्यावर माझीं टिपणें असूं देत, तीं अगदीं समोर हवींत. मुलांना बाजूच्या पडद्यावर ठेव." या वाक्यांत कांहीं विपरीत आहे, असें त्या वेळीं मला जाणवलें नाहीं.

एके दिवशीं मी कर्तव्य आणि परिणाम यांच्या संबंधाविषयीं बोलत होतों. व्याख्यान चांगलें रंगलें, असें माझें मत होतें. तास संपतांना डावीकडच्या पडद्याकडे वळून पाहिलें, तों एका विद्यार्थ्यानें लिहिलेला निरोप दिसला. वडिलांना श्वास लागला आहे, त्यांना इस्पितळांत नेत आहेत, मी वर्गांतून जाऊं का, असें त्यानें विचारलें होतें. त्याखालीं दुसरी ओळ होती: "सर, जाऊं का?" पहिला निरोप पंचवीस मिनिटांपूर्वींचा होता, आणि त्याचें नांव वर्गाच्या यादींत अजून दिसत होतें. विचारल्याशिवाय वर्गांतून उठूं नये, ही शिस्त त्या मुलांना मींच लावली होती.

त्याचे वडील पुढें बरे झाले. पण त्यायोगें माझी चूक तिळभरहि लहान होत नाहीं. कारण ते बरे होणें हें माझ्या हातचें नव्हतें, आणि ज्या गोष्टींत आपला हात नाहीं तिचें श्रेय आपल्या खातीं जमा करतां येत नाहीं. हा सिद्धांत त्याच तासाला मी समजावून देत होतों, हें सांगावयास संकोच वाटतो.

"मला दिसलें नाहीं," असें मी स्वतःशीं पुनःपुन्हां म्हणालों. तें खोटें नव्हतें. दृष्टिपटलाचा अगदीं मध्यावरचा अल्प भागच सूक्ष्म अक्षर वाचूं शकतो. हात लांब करून अंगठ्याचें नख समोर धरलें असतां जेवढें क्षेत्र झांकलें जाईल, साधारणपणें तेवढेंच एका क्षणीं स्पष्ट दिसतें. बाकीचें आपण पाहतों असें आपणांस वाटतें इतकेंच. जवळजवळ तीन फूट रुंदीच्या पसाऱ्यांत तें नखाएवढें क्षेत्र इकडून तिकडे फिरवीत राहावें लागतें. मनाचेंहि तसेंच आहे. २००१ सालीं अमेरिकेंत रुबिनस्टाइन, मेयर आणि एव्हन्स यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, एका कामावरून दुसऱ्याकडे वळतांना दर वेळीं कांहीं काल खर्ची पडतो, आणि काम जितकें गुंतागुंतीचें तितका तो अधिक. तेव्हां टिपणांत गुंतलेल्या मला तो निरोप दिसला नाहीं, हें निसर्गनियमानुसारच घडलें.

मग दोष कोणाचा? ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मद्यप्याचें उदाहरण घेतलें आहे. मद्याच्या अमलाखालीं त्याला कळलें नाहीं, हें खरें. परंतु मद्य न पिणें त्याच्या हातीं होतें, म्हणून त्या अज्ञानाचा जबाबदार तोच. हाच न्याय मला लागू पडतो. न दिसणें हा डोळ्याचा स्वभाव आहे. परंतु कोणती गोष्ट दिसूं नये याची मांडणी ही आपली कृति आहे, आणि कृतीला जबाबदारी चिकटलेली असते. त्या रात्रीं झालेली हकीकत मीं मुलीला सांगितली. ती इतकेंच म्हणाली, "बाबा, मुख्य कोणता ठेवूं, म्हणून मीं विचारलें होतें."

कोणी म्हणेल कीं, शंभर गोष्टींकडे एकदम लक्ष देणारीं माणसें आपल्याच देशांत झालीं, तीं कशीं? १८८७ सालीं धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सौराष्ट्रांतील एकोणीस वर्षांच्या रायचंदभाईंनीं शतावधानाचा प्रयोग करून मुंबईकरांस थक्क केलें होतें. परंतु अवधानी करतो काय, तें पाहिलें पाहिजे. तो शंभरांकडे एकाच क्षणीं पाहत नाहीं. पृच्छक क्रमाक्रमानें येतात. ज्याची पाळी असेल त्याला तो त्या क्षणापुरतें सगळें मन देतो, आणि दिलेलें विसरत नाहीं. म्हणजे ती अवधानाची वांटणी नव्हे, अवधानाची आवृत्ति होय. शिवाय, रायचंदभाईंनीं हे जाहीर प्रयोग पुढें सोडूनच दिले; आत्मसाधनेच्या वाटेंत ती कीर्ति त्यांना अडचण वाटली. १८९१ सालीं विलायतेहून परतलेले गांधी त्यांना मुंबईंत भेटले. त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा गांधींनीं घेतली खरी. पण आपण भारून गेलों तें त्या शक्तीनें नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानानें, निर्मळ चारित्र्यानें आणि आत्मदर्शनाच्या तळमळीनें, असें आत्मकथेंत त्यांनीं नमूद केलें आहे.

आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. नाहींतर सगळा भार घरीं काम करणाऱ्यावरच पडेल. पुष्कळांच्या दुसऱ्या पडद्यावर कचेरीचे निरोप दिवसभर उघडे असतात, ते त्यांना आवडतात म्हणून नव्हे. उत्तरास पांच मिनिटें उशीर झाला तर विचारणा होते, म्हणून. तेथें तो पडदा माणसाची खिडकी राहत नाहीं. तो धन्याचा डोळा होतो, आणि जेवणाच्या टेबलावर बरणीच्या जागीं येऊन बसतो. अशा माणसाला "लक्ष कोठें आहे?" म्हणून रागें भरण्यापूर्वीं त्याचें लक्ष कोणी विकत घेतलें आहे, हें विचारणें न्यायाचें होईल. माझी गोष्ट वेगळी होती. माझी मांडणी माझ्यावर कोणीं लादली नव्हती.

ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायाच्या प्रारंभीं श्रोत्यांजवळ दुसरें कांहीं न मागतां अवधान मागितलें. आम्ही अध्यापकहि रोज तेंच मागतों, आणि न मिळालें तर रागावतों. परंतु श्रोत्यांचेंहि वक्त्याकडे तेवढेंच येणें असतें, हें मीं कधीं हिशेबांत धरलें नव्हतें. पावती आणि खतावणी यांपैकीं कोणतीहि बाजूला ठेवली तरी ती रुसत नाहीं. माणूस मात्र बाजूच्या पडद्यावर ठेवला कीं तो दिसेनासा होतो; आणि तो सभ्य असला तर परवानगीची वाट पाहत तेथेंच बसून राहतो.

दुसऱ्या दिवशीं मीं पडदे बदलून घेतले. आतां तर वर्ग पुन्हां कॉलेजच्या इमारतींत भरतात, आणि समोर चाळीस-पन्नास चेहरे खरेखुरे असतात. टिपणें मी टेबलाच्या डाव्या कडेस ठेवतों. मान वळवून तीं पाहावीं लागतात, आणि त्या भानगडींत एखादा मुद्दा सुटतोहि. पण सुटलेला मुद्दा उद्यां सांगतां येतो.